जामीन म्हणजे रोख नव्हे

“पंधरा हजाराची जमानत झाली,” एवढं वाक्य वकिलाच्या तोंडून ऐकलं की पोराचा बाप कोर्टाच्या पायऱ्या उतरून थेट अडत्याकडे निघतो. घरात ठेवलेली तूर भाव न बघता विकायची, नाहीतर शेजाऱ्याकडून शेकडा तीन-चारच्या व्याजानं पैसे उचलायचे. अकोल्याला जा की अमरावतीला, कोर्टाच्या आवारात हा प्रसंग नेहमीचा. बहुतेक वेळा ते पंधरा हजार भरायचेच नसतात.

जामिनाची रक्कम म्हणजे कबुली. आरोपी तारखेला हजर राहील, आणि राहिला नाही तर जामीनदार तेवढे पैसे सरकारला देणं लागेल. रोख भरायची वेळ दोनदाच येते. एक, कोर्टानं स्वतःहून किंवा आरोपीच्या विनंतीवरून नगदी जामीन मान्य केला तर. आणि तो पैसा खटला संपल्यावर परत मिळतो, फक्त पावती जपून ठेवावी लागते. दुसरी, आरोपी पळाला तर.

फौजदारी भानगडीत सगळ्यात महाग पडतो तो न कळलेला शब्द. म्हणून शब्द आणि त्याचा खर्च एकत्रच सांगतो. आधी आपल्याकडची बोली. पुण्याकडे फिर्याद देतात, आपल्याकडे ठाण्यात ‘रिपोर्ट’ देतात. जबाबाला ‘बयान’ म्हणतात, तारखेला ‘पेशी’, जामिनाला ‘जमानत’. आणि फौजदारीत ‘राजीनामा झाला’ म्हणजे नोकरी सोडली नव्हे, दोन्ही पक्षांत आपसात मिटलं. कागदावर मात्र पुस्तकी शब्द येतात, तेव्हा दोन्ही माहीत हवेत.

आकड्यांचाही घोळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. पारावर अजून ‘तीनशे दोन लागली’ असं म्हणतात. नव्या संहितेत खून १०३ मध्ये आहे, आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. चारसोबीस तर उरलाच नाही. नवी संहिता ३५८ कलमांतच संपते, फसवणूक ३१८ मध्ये गेली. जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनीच कलमं लागतात. म्हणून कागदावरचा आकडा वाचताना घटनेची तारीख आधी बघा.

एक भांडण, चार बिलं

समजा, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) दोन चुलतभावांत जुंपली. तूर पेरताना एकानं दोन तास (ओळी) जास्त घातले, दुसऱ्यानं येऊन थापड मारली. ही झाली साधी दुखापत, न्याय संहितेचं कलम ११५(२). शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात ‘एनसी’ लिहिली जाईल आणि तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतील. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना अशा प्रकरणात तपास करता येत नाही. “एनसीवर ॲक्शन घ्यायला लावतो” म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तो न होणाऱ्या कामाचे पैसे मागतो आहे.

थापडीऐवजी ढकलाढकली झाली, एकजण बांधावरून पडला आणि मनगटाचं हाड मोडलं, तर प्रकरण गंभीर दुखापतीत जाऊ शकतं. मारणाऱ्याचा तसा इरादा किंवा जाणीव होती असं दिसलं, तर कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा. आता गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करावाच लागतो. पण जामीनपात्र. तेच हाड कुऱ्हाडीनं मोडलं तर ११८(२), अजामीनपात्र. आणि कुऱ्हाड डोक्यावर, जीव घेण्याच्या इराद्यानं घातली असं दिसलं तर १०९, खुनाचा प्रयत्न. खटला सत्र न्यायालयात.

धुरा एकच, पण पहिल्या प्रकरणात एखाद्या दिवसाची मजुरी बुडते आणि चौथ्यात शेत गहाण पडतं. या पायऱ्या ठरवतो बऱ्याच अंशी डॉक्टरांचा कागद. म्हणून मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात, अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला जाऊन एमएलसी, म्हणजे पोलिसी प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करून घ्यावी. खाजगी दवाखान्याची चिठ्ठी नंतर. हाड मोडणं हे गंभीर दुखापतीत मोडतंच. शिवाय जखमेमुळे १५ दिवस सतत तीव्र वेदना झाल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती गंभीर धरतात. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र या शब्दांनी फार लोक फसतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. पोलीस ठाण्यातही तो मिळू शकतो, कोर्टाची वाट बघावी लागत नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो हक्कानं मिळत नाही, कोर्ट विचार करून देतं किंवा नाकारतं. एवढाच फरक. पण या फरकावर “फार अवघड केस आहे बापा” म्हणत फी दुप्पट केलेली मी ऐकली आहे.

मिटवायचं झालं तरी भाव वेगळा. थापडीचं प्रकरण मार खाल्लेल्यानं ठरवलं तर आपसात मिटतं. हाड मोडल्याचं कोर्टाच्या परवानगीनं मिटतं. कुऱ्हाडीची कलमं कायद्यानं तडजोडीलायक नाहीत. दोन्ही घरं एका ताटात जेवायला लागली तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागतं, आणि तिथं रद्द होईलच याची हमी नसते. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. वकील तिकडचा वेगळा. म्हणून बैठक बसवायची असेल तर ती विळे-कुऱ्हाडी निघायच्या आधी बसवलेली स्वस्त.

रिपोर्ट द्यायला किती?

काहीच नाही. एफआयआर नोंदवायला फी नाही, तिची नक्कल फिर्यादीला मोफत द्यावी असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘झेरॉक्सचे पैसे’सुद्धा नाहीत. घटना कुठल्याही हद्दीतली असो, समोरच्या ठाण्यात रिपोर्ट देता येतो. त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

दखलपात्र गुन्हा असूनही नोंद घेत नसतील तर भांडत बसू नका. तोच मजकूर लिहून स्पीड पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवा. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथं आयुक्तांकडे; अमरावती ग्रामीण आणि सगळ्या अकोला जिल्ह्यासाठी पोलीस अधीक्षकांकडे. पोस्टाची पावती सांभाळा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करताना हीच पावती पुरावा. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद सक्तीची. नव्या कायद्यानं एक फट ठेवली आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून ‘चौकशीवर आहे’ हे उत्तर मिळालं तर तारीख लिहून घ्या.

एफआयआरच्या कागदावर तीन गोष्टी टिपून ठेवा : अपराध क्रमांक, कलमं, तपासी अंमलदाराचं नाव. पुढं कुठल्याही खिडकीवर पहिला प्रश्न ‘अप. नंबर काय?’ हाच असतो.

फिर्यादीनं वकील करावाच लागतो हा समजही खर्चिक. सरकारच्या वतीनं खटला सरकारी वकील चालवतात, आणि फिर्यादीकडून त्यांना एक रुपया घ्यायचा नसतो. खाजगी वकील लावला तरी तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो, एवढंच. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती विचारायला चहापाण्याचे पैसे लागत नाहीत.

अटक झाली तर

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच उचलायचं नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, असा नियम आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५). नोटीस हाती पडली की घाबरून गाव सोडणारे स्वतःच अटक ओढवून घेतात. नोटिशीप्रमाणे जाऊन हजर राहा, हजर राहिल्याची नोंद मागा.

अटक केलीच तर तिची कारणं लेखी, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. ती निदान रिमांडच्या दोन तास आधी हाती पडली पाहिजेत. हा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन, वरळीच्या गाडी-अपघाताचं प्रकरण. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, म्हणजे आपल्या अमरावतीचे, मूळ गाव दर्यापूर तालुक्यातलं दारापूर. निकालाची आठवण ठेवायला एवढा धागा पुरे. मेळघाटातल्या कोरकू माणसाला इंग्रजी किंवा पोलिसी मराठीतला कागद देऊन भागत नाही. कोर्टातसुद्धा साक्ष त्याला समजेल अशी उलगडून सांगावी लागते.

चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करतात. तिथं दोन शब्द ऐकू येतात. ‘पीसीआर’ म्हणजे पोलीस कोठडी, ‘एमसीआर’ म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग जेल : अमरावतीचं मध्यवर्ती कारागृह किंवा अकोल्याचं जिल्हा कारागृह. पीसीआर चालू असताना जामिनासाठी धावाधाव करून बहुधा काही निघत नाही. एमसीआर झाल्यावर अर्जाला बळ येतं. मधल्या दिवसांत ‘लॉकपमध्ये त्रास होऊ नये’ म्हणून पैसे मागणारा कुणीतरी भेटतोच. त्याच्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

आणखी एक फुकटचा हक्क, जो न मागितल्यानं वाया जातो. तपास ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र कोर्टात आलं नाही, तर आरोपीला जामीन मिळालाच पाहिजे. मात्र अर्ज करावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याच्या आत करावा लागतो. दिवस मोजायला घरातलं कॅलेंडर पुरतं. दोषारोपपत्राची प्रतही आरोपीला मोफत मिळते.

जामीनकतबा

आता तो कागद जवळून बघू. जामीनकतब्यात आरोपीचा जातमुचलका असतो, म्हणजे ‘मी हजर राहीन’ हा त्याचा स्वतःचा शब्द. आणि जामीनदाराच्या बंधपत्राचा मजकूर असतो. जामीनदाराचा फोटो, सही किंवा अंगठा. सोबत आधारची प्रत, रेशनकार्ड, आणि ऐपत दाखवायला सातबारा किंवा घरटॅक्सची पावती. काही कोर्टं तहसीलदारांचं ऐपत प्रमाणपत्र मागतात. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत निघतो. तो आदल्या रात्रीच काढून ठेवला तर सकाळी सेतूच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि पोरगं आणखी एक रात्र जेलमध्ये राहत नाही.

प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा म्हणतात. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. लागते ती कोर्ट फीची छोटी तिकिटं आणि वकालतनाम्यावरचं वेलफेअर तिकीट. ही रक्कम किरकोळ असते.

जामीनदार ‘मिळवून देणारे’ही कोर्टाच्या फाटकाजवळ असतात. त्यांच्या नादी लागू नका. एक माणूस किती आरोपींना जामीन राहिला आहे हे त्याला कोर्टाला लिहून द्यावं लागतं. खोटा जामीनदार पकडला गेला तर जामीन जातो आणि नवा गुन्हा लागतो. मामा बुलडाण्याचा आहे म्हणून अकोल्यात चालणार नाही, असं कुणी म्हणालं तर १९७८ चा मोतीराम खटला सांगा. मोतीराम मध्य प्रदेशातला गवंडी. त्याच्या भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातली मालमत्ता म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं.

जामीनदारच नसेल तर? जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देता आला नाही तर तो माणूस गरीब धरून जातमुचलक्यावर सोडायचं, असं कायदाच सांगतो. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. कळवलं का, हे घरच्यांनी विचारावं.

वकिलाची फी

इथं छापील दर नाही, आणि मी आकडा सांगितला तर तो तुमच्या वकिलाला मान्य होणार नाही. पण फी ठरवायची पद्धत सांगतो. ‘पूर्ण केसचे किती’ असं विचारू नका. टप्पे पाडा : जामीनअर्ज, दोषारोपपत्रानंतरचं काम, साक्षीपुरावा, युक्तिवाद. प्रत्येकाचे किती, आणि पेशीला वेगळे किती, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. दिलेल्या पैशाची पावती मागा. चांगला वकील नाही म्हणत नाही. ‘सुटला तर एवढे, नाही सुटला तर एवढे’ असा सौदा वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानं करता येत नाही. ‘साहेबांना द्यायचे आहेत’ असं म्हणणाऱ्याला, तो कोणीही असो, तिथंच रामराम करा.

मोठा खर्च मात्र फी नसून पेशी असते. चार वर्षांत तीस पेशा लागल्या आणि दिवसाची मजुरी चारशे धरली, तर नुसती बुडालेली मजुरी बारा हजार. त्यात धारणीहून अमरावतीला यायचं असेल तर जवळपास दीडशे किलोमीटर घाटातून. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट; तेवढाच दिलासा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. येणं शक्यच नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज आधी द्या. न सांगता गैरहजर राहिलात की वॉरंट निघतं, आणि वॉरंट रद्द करायचा खर्च त्या पेशीच्या खर्चाहून जास्त येतो.

गाडी आणि चेक

ठाण्यात जप्त होऊन गंजणारी मोटरसायकल हा आपल्याकडचा आवडता तोटा. खटला संपायची वाट बघायची गरज नाही. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन या लेखी हमीवर, गाडी सोडवण्याचा अर्ज कोर्टात करता येतो. गाड्या ठाण्यात सडवू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं. आरसी, विमा, मालकाची ओळख एवढे कागद तयार ठेवा.

कृषी केंद्राला दिलेला चेक परत आला तर प्रकरण चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिनाभरात तक्रार. एक दिवस चुकला की घेणेकऱ्याचं प्रकरण अडचणीत येतं. देणाऱ्यासाठी हिशेब असा : स्वतःचा बचावाचा पुरावा सुरू होण्याआधी चेकची रक्कम भरली तर तडजोड जादा खर्चाशिवाय होऊ शकते. त्यानंतर निकालाच्या आत ५ टक्के जादा, अपिलात साडेसात, दिल्लीपर्यंत गेलात तर १०. हे दर सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात कमी करून दिले आहेत. आधी ते दुप्पट होते.

फुकटचा वकील

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी लोकांना वाटते त्याहून लांब आहे. सगळ्या बायका, मग घरची कितीही श्रीमंती असो. अनुसूचित जाती-जमातींचे सगळे लोक, दिव्यांग, मुलं, औद्योगिक कामगार. कोठडीत किंवा जेलमध्ये असलेला कुणीही. आणि उरलेल्यांत वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेले. मेळघाटातलं कोरकू कुटुंब जमिनीसाठी, भांडणासाठी, कशासाठीही या यादीत बसतंच. त्यांनी वकिलासाठी बैल विकायचं कारण नाही.

‘फुकटचा वकील म्हणजे लक्ष न देणारा’ हे मत मी खूपदा ऐकलं. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण आता फौजदारी बचावासाठी लोक अभिरक्षक नावाची पूर्णवेळ व्यवस्था उभी केली आहे, ते वकील खाजगी प्रकरणं घेत नाहीत. काम नीट होत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे वकील बदलून मागता येतो. पैसे देऊन केलेल्या वकिलाबद्दल दाद मागायला अशी जवळची खिडकी नसते.

कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका समिती असते. अर्ज साध्या कागदावर, फी शून्य. सोबत आधार, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला आणि एफआयआरची प्रत न्या. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. मात्र पहिल्या पेशीच्या आधी करा. खाजगी वकिलाला दिलेले पैसे प्राधिकरण परत करत नाही.